करड्या अळंब्यांची कोशिंबीर

लेम्पीच्या वाढदिवसाला टेबलाच्या मधोमध कोणाची कोशिंबीर ठेवायची, हा वाद आदल्या दिवशीच सुरू झाला होता आणि पाहुण्यांच्या गाड्या रस्त्याला लागल्या तरी मिटला नव्हता. इतकी वर्षं तो मान हेल्मीच्या बटाट्याच्या कोशिंबिरीचा होता. हेल्मी लेम्पीची थोरली लेक. नवरा गेल्यापासून ती परत आईपाशीच राहायला आली होती, आणि तळ्याकाठच्या या शेतघराचं स्वयंपाकघर तिच्या हुकमतीखाली होतं. यंदा मात्र राइलीने मोठा लाकडी वाडगा भरून दुसरंच काही मांडलं होतं.

राइली ही लेम्पीच्या नातवाची, डेलची बायको. जूनमध्ये लग्न होऊन ती सीमेपलीकडच्या थंडर बे शहरातून इकडे अमेरिकेत, मिनेसोटात आली. तिचे आईवडील फिनलंडच्या पूर्वेकडच्या कारेलियातले. लढाईत घरदार गमावून कॅनडात आलेली माणसं, पण जंगलात शिरून अळंबी ओळखायची विद्या त्यांनी बरोबर आणली होती. लेम्पीचं युलितालो घराणं फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्याकडचं. तिकडे अळंबीला कोणी हात लावत नसे.

"आमच्याकडे हे गाईंपुढे टाकतात," हेल्मी म्हणाली. तिने वाडगा कडेला सरकवला आणि आपला मधोमध ठेवला.

 काल संध्याकाळी राइलीने गोठ्यामागच्या वाटेवर टोपलीभर अळंब्या खुडल्या होत्या. काही पांढऱ्या, खवल्याखवल्यांच्या, उंच टोपीसारख्या, तर काही करड्या, गुळगुळीत, जुन्या खोडाच्या बुडाशी घोसाने आलेल्या. या जातीची अळंबी ठेवली तर तिची काळी शाई होते, म्हणून तिने ती आल्या आल्या लोण्यावर परतली, सगळं पाणी आटवलं. सासरा रेइनो, लेम्पीचा मुलगा, तव्याशेजारीच उभा होता. त्याने पावावर घालून निम्मा तवा तिथेच संपवला होता. उरलेलीत आज तिने तळ्यातला काळा रानतांदूळ शिजवून घातला. दाणे फुटून आतून पांढरे झाले, कडेने वळले, तशी तिने आच काढली. वर कांदा, शेपू आणि आंबट साय. शिवाय राय धान्याच्या पातळ पारीत घट्ट दूधभात भरून भाजलेल्या करंज्या केल्या होत्या, त्याही हेल्मीने खिडकीकडच्या फळीवर नेऊन ठेवल्या.

"राहू दे. खाणारे हात लांब करून घेतील," सासू जॉइस हळूच तिच्या कानाशी म्हणाली. जॉइसही या घरात बाहेरूनच आलेली. तिचे वडील स्वीडिश होते, आणि तेवढ्यावरून तिला पहिली दहाएक वर्षं या स्वयंपाकघरात फक्त भांडी पुसायला मिळाली होती. राइलीशी तिचं जमलं त्याचं अर्धं कारण ते होतं.

*

शनिवार असल्यामुळे रेइनोने सकाळीच सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, भट्टी पेटवली होती. जॉइस तिथे टॉवेल ठेवायला गेली, आणि बाहेरच्या खोलीत बर्चच्या ओंडक्यांमागे तिला कॉफीचा कप दिसला. ती वाकली. तळाशी घोटभर काही उरलं होतं. ते कॉफी नव्हतं.

वास घेणं ही जॉइसची सवयच झाली होती. कोटाचा, उशीचा, गाडीतल्या थर्मासचा. कामाची खाण बंद पडली त्यानंतर रेइनो पिऊ लागला आणि एका हिवाळ्यात त्याने लहानग्या डेलला शेजारी बसवून ट्रक गोठलेल्या तळ्यावर घातला. बर्फ तडकलं, पण दोघं वाचले. जॉइस मुलाला घेऊन बहिणीकडे डुलुथला निघून गेली. पुढे रेइनोने सोडल्याचं कळवलं, ती परत आली, पण सगळी परत आली नाही. डेलचं लग्न झालं, तरी नवरा झोपला की ती त्याच्या कोटाचे खिसे चाचपून बघायची.

रेइनो लाकडं घेऊन आत आला. तिने कप त्याच्यासमोर धरला.

"माझा नाही तो," तो म्हणाला.

"मग कोणाचा?"

"ठाऊक नाही मला."

पंचाईत अशी की रेइनो खरं आणि खोटं दोन्ही एकाच आवाजात बोलायचा. ते ओळखायला जॉइस आयुष्यात शिकली नव्हती. ती कप हातात घेऊन तशीच उभी राहिली, आणि तेवढ्यात दारात हेल्मी आली. तिने कप घेतला, हुंगला, आणि ती कपातच बघत राहिली. मग म्हणाली, "आईच्या वाढदिवशीसुद्धा, रेइनो?"

रेइनोने ओंडके खाली ठेवले.  भावाच्या त्या गप्प बसण्याचा जॉइसने आणि हेल्मीने एकच अर्थ घेतला, निदान जॉइसला तरी तेव्हा तसं वाटलं.

हेल्मी तो कप घेऊन थेट आईच्या खोलीत गेली.

लेम्पी आरशापुढे बसून गळ्याशी आपल्या शपथेचं पदक लावत होती. तिचा बाप गुत्त्यातून घरी येताना वाटेत थंडीने गोठून मेला होता. कोवळ्या वयात तिने गावच्या व्यसनमुक्ती मंडळाच्या हॉलमध्ये उभं राहून दारूला न शिवण्याची शपथ घेतली, आणि त्या हॉलची कौलं उडाली तरी तिची शपथ राहिली. आज जेवताना ती सगळ्यांसमोर सांगणार होती की नजर अधू झालेल्या म्हातारीने आता शेत सांभाळू नये. रेइनो आणि जॉइसने गावातलं भाड्याचं घर सोडून इथे यावं, घर त्यांच्या हवाली. हे हेल्मीला ठाऊक होतं. तिने महिनाभर विरोध केला होता, पिणाऱ्याच्या हाती घर देतेस का म्हणून.

लेम्पीने कप नाकापाशी नेला आणि आरशाशेजारी ठेवला.

"घराचं आज मी काही बोलत नाही," ती म्हणाली. "जेवणं होऊ देत."

*

पास्टरांनी प्रार्थना म्हटली आणि वाडगी फिरू लागली. पाहुणे मोजके होते. हेल्मीच्या दोन चुलत बहिणी, तळ्यापलीकडचा म्हातारा ओन्नी, आणि चर्चमधल्या चारदोन बायका. रेइनो मान खाली घालून जेवत होता. त्याने कोणाकडे न बघता राइलीची कोशिंबीर ताटात घेतली, ती संपवली आणि पुन्हा घेतली. जॉइसला त्याचं ते मुकाट जेवणं बघवेना. तिला राग होता, आणि रागाखाली काहीतरी थकलं होतं. संध्याकाळी घरी गेल्यावर पुन्हा बॅग काढायची का, हा विचार तिच्या डोक्यात सारखा येत होता.

डेलला काहीतरी बिनसल्याचं कळलं होतं. त्याने बायकोला विचारलं, बायकोने खांदे उडवले. तिला वाटत होतं सगळं तिच्या वाडग्यावरून चाललंय.

मग लेम्पीने हात लांब केला. तिला नीट दिसत नव्हतं, पण वास येत होता. तिने चमचाभर घेतलं, चावलं, आणखी घेतलं.

"रानात पाऊस पडून गेल्यासारखं लागतं हे," ती म्हणाली. "हेल्मी, तू घेतलं नाहीस?"

आईने सगळ्यांदेखत विचारल्यावर हेल्मीची सुटका नव्हती. तिने थोडं वाढून घेतलं. मग कोणाचं लक्ष नाही असं बघून पुन्हा थोडं घेतलं. राइलीने ते पाहिलं आणि दिवसात पहिल्यांदा तिच्या जिवाला बरं वाटलं.

कॉफीच्या वेळी हेल्मी शाल आणते म्हणून आपल्या खोलीत गेली. ती परत आली, केक कापायला उभी राहिली, आणि सुरी तिच्या हातातून पडली.

तिचा चेहरा लाल झाला होता. नुसता गालांवर नव्हे, मानेपर्यंत, कानांपर्यंत, भाजल्यासारखा. ती म्हणाली की छातीत धडधडतंय. तोंडात पैशाचं नाणं ठेवल्यासारखी चव येतेय. हात बधिर होतायत. पास्टरांनी तिला खुर्चीत बसवलं, आणि पुढच्याच क्षणी ती बाजूला वाकून ओकली.

 मग चुलत बहिणींपैकी एक हलक्या आवाजात म्हणाली, "अळंबी."

तो शब्द टेबलाभोवती फिरला. प्रत्येकाने आपल्या ताटाकडे पाहिलं. ओन्नीने काटा खाली ठेवला.  राइलीने आजेसासूला खाऊ घातलं होतं, नवऱ्याला, चर्चच्या बायकांना. तिच्या आईने हीच दोन्ही अळंबी दर शरद ऋतूत रांधली होती आणि कधी कोणाच्या पोटात दुखलं नव्हतं, पण आता ती आईचं नाव घेऊनही काही सांगू शकत नव्हती.

"मी सांगितलं होतं," हेल्मी दात खातच म्हणाली. "गुरांचं खाणं."

"हेल्मीताई, आता पुरे," जॉइस म्हणाली. तिने राइलीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला फोनकडे ढकललं. "डेल, विषबाधेच्या केंद्राला फोन लाव. लवकर."

स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा फोन, त्याची लांब वायर डेलने दारापर्यंत ओढून आणली. पलीकडे एक बाई होती, शांत आवाजाची. ती विचारत होती आणि डेल मोठ्याने सगळ्यांना सांगत होता. कशी दिसत होती? राइलीने सांगितलं, पांढरी खवल्यांची आणि करडी गुळगुळीत, खोडाशी उगवलेली, शाई होणारी. किती जणांनी खाल्ली? सगळ्यांनी. आजारी किती? एकच. बाकी कोणाला मळमळ, घाम? कोणालाही नाही.

मग डेल थांबला. त्याने रिसीव्हरवर हात ठेवला, आणि आत्याकडे बघणं टाळत म्हणाला, "ती विचारतेय, यांनी जेवणानंतर दारू घेतली का?"



"या घरात दारू नसते," लेम्पी म्हणाली.

"ती म्हणतेय, ही करडी अळंबी एरवी कोणाला काही करत नाही. पण ती खाल्ल्यावर माणूस प्यायला, अगदी दुसऱ्या दिवशी प्यायला, तरी असं होतं. चेहरा लाल, धडधड, तोंडात धातूची चव. जिवाला सहसा धोका नसतो, दोनचार तासांत उतरतं. पण घेतलीच नसेल तर मात्र ताबडतोब इस्पितळात न्या म्हणतेय, म्हणजे मग ते दुसरं काहीतरी आहे." तो हेल्मीकडे वळला. "आत्या, तिला काय सांगू?"

हेल्मीने डोळे मिटले होते. तिचं मन एकाच वेळी दोन गोष्टींवर होतं. एक ही की ती मरत नाहीये. दुसरी ही की आता सांगावं लागणार. शिवणयंत्राच्या झाकणाखालची बाटली नवरा आर्वो गेला त्या हिवाळ्यात आली होती, झोप लागावी म्हणून. मग झोपेशी बाटलीचा संबंध राहिला नाही. पहाटे सौनाच्या बाहेरच्या खोलीत, दुपारी शाल आणायच्या निमित्ताने. सकाळी भावाच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर तिला इतकं वाईट वाटलं होतं की ते वाईट वाटणं बुडवायला ती आज नेहमीपेक्षा लवकर खोलीत गेली होती.

"घेतली म्हणून सांग," ती म्हणाली.

डेलने सांगितलं. पलीकडच्या बाईने काही विचारलं, त्याने हो, नाही, हो म्हटलं. छातीत दुखलं, श्वास लागला किंवा चक्कर आली तर थांबू नका, घेऊन निघा. नाहीतर पाणी द्या, आडवं करा, नाडी बघत राहा, आणि आठवडाभर थेंब घेऊ देऊ नका.

"आणि दुसऱ्यांनी?" ओन्नीने कोपऱ्यातून विचारलं. सगळ्यांनी वळून पाहिलं. "म्हणजे खाल्ली आहे, पण अजून काही घेतलेलं नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर घेतली तर?"

डेलने प्रामाणिकपणे ते विचारलं. "चालणार नाही म्हणतेय. काही दिवस मुळीच नाही."

"मोठं नुकसान केलंस, पोरी," ओन्नी राइलीला म्हणाला.

आधी चर्चमधली एक बाई हसली, मग पास्टर, मग लेम्पी, आणि शेवटी सगळी खोली हसायला लागली. हसण्यासारखं फार नव्हतं. पण कोणी मरणार नव्हतं, आणि ते छातीतून बाहेर पडायला काहीतरी वाट हवी होती. राइली हसता हसता रडायला लागली आणि डेलने तिला फोनच्या वायरीसकट जवळ घेतलं.

जॉइस मात्र हसली नाही. ती टेबलापलीकडे रेइनोकडे बघत होती. त्याचा चेहरा नेहमीसारखाच होता, फिकट, जबड्यापाशी दाढीचे खुंट. कुठेही लाली नव्हती.

ती त्याच्या जवळ गेली.

"तू कालपासून खातोयस," ती म्हणाली.

"हो."

"काल तव्यातली. आज दोनदा."

"तीनदा," रेइनो म्हणाला. "चांगली झालीय."

जॉइसने त्याच्या गालाला हात लावला, तापलेलं मूल बघावं तसा. गाल थंड होता. तिला काही बोलायचं होतं, पण इतक्या वर्षांचं सगळं एकदम तोंडाशी आलं आणि त्यातलं एकही वाक्य सुटं होईना. त्याने तिचा हात तसाच धरून ठेवला. सकाळी आपण आपली बाजू का लढवली नाही, हे तोही सांगू शकला नसता. इतक्यांदा खोटं बोलून झाल्यावर खरं सांगायला माणसाकडे वेगळे शब्द उरत नाहीत, एवढंच त्याला वाटलं होतं.

*

हेल्मीला तिच्या खोलीत निजवलं. पास्टर तिच्या नाडीवर बोटं ठेवून बसले होते. लेम्पी चाचपडत आत आली तसे ते उठून बाहेर गेले. ती खुर्ची ओढून पलंगाशी बसली. येताना तिला वाटलं होतं की आपल्याला राग येईल. आयुष्यभर तो राग तिने जपला होता, बापाच्या नावाने. पण त्या पाव तासात तिने मनातल्या मनात या लेकीला पुरून टाकलं होतं, आणि त्यानंतर राग कुठे ठेवलाय तेच सापडेना.

"धडधड?"

"कमी आहे."

"तू जिवंत आहेस. बाकीचं बघू."

हेल्मी भिंतीकडे वळली. "सकाळचा कप माझा होता. मी रेइनोवर ढकललं."

"ते मला सांगून काय उपयोग? तो बाहेर उभा आहे."

रेइनो दारातच होता. आत यायला त्याने वेळ लावला. बहिणीने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. पहिल्यापेक्षा ते बारीक आवाजात आलं.

"मी आता पीत नाही हे तुला माहीत होतं, ताई," तो म्हणाला. "मी सोडली तेव्हापासून कोणाला नसेल, पण तुला नक्की माहीत होतं. आणि तरी तू गावभर सांगत होतीस."

"तू पितोस असं म्हणत राहिलं, की माझ्याकडे कोणी बघत नव्हतं."

हे ऐकल्यावर रेइनो खिडकीशी गेला आणि बराच वेळ तळ्याकडे बघत उभा राहिला. लेम्पी मध्ये पडली नाही. त्याला माफ करायला ती सांगू शकली असती, आणि त्याने ऐकलंही असतं, पण तिला वाटलं ते त्याचं काम आहे.

"तुम्ही दोघं इथे आलात की मी कुठे जाऊ?" हेल्मीने विचारलं. महिनाभराच्या विरोधामागचं ते खरं कारण होतं, आणि ते तिने आजवर कोणापाशी उच्चारलं नव्हतं.

"कुठे जाऊ म्हणजे?" रेइनो वळला. "ही तुझी खोली आहे." मग जरा वेळाने म्हणाला, "मंगळवारी चर्चच्या तळघरात आम्ही दारू सोडलेले बसतो. मी तुला घ्यायला येईन. कॉफी मात्र वाईट असते."

"मी तिथे काय बोलणार?"

"काही बोलू नकोस. मी पहिले कितीतरी मंगळवार नुसता बसून होतो."

 हेल्मीने उशीवरून हात पुढे केला आणि शिवणयंत्राकडे बोट दाखवलं. रेइनोने झाकण उचललं, बाटली घेतली, आणि मोरीत नेऊन ओतली. नळ त्याने पुष्कळ वेळ सोडून ठेवला.

लेम्पी बाहेर येऊन टेबलाच्या टोकाशी बसली. पाहुणे अजून रेंगाळले होते, जायला कोणाचाच पाय निघत नव्हता. तिने साध्या आवाजात सांगितलं की पहिलं बर्फ पडायच्या आत रेइनो आणि जॉइस इथे राहायला येतील, शेत आणि घर त्यांचं. हेल्मी आहे तिथेच राहील. कोणाला काही विचारायचं असेल तर आता विचारा, नंतर मी झोपणार आहे. 

राइली उरलेला वाडगा उचलून बाहेर ओतायला निघाली होती. लेम्पीला आवाजावरून कळलं.

"कुठे नेतेस ते?"

"टाकायला, आजी."

"ठेव इथे. मला अजून हवंय. आणि मला ती तांदळाची करंजीही दे, मघापासून कोणी दिलीच नाही." राइलीने वाढलं. म्हातारीने खाऊन संपवलं आणि बोटं पुसली. "पुढच्या वर्षी दोन वाडगी कर. आमच्या हॉलमध्ये शपथा पुष्कळ झाल्या, पण असं काही आमच्याकडे नव्हतं."

*

संध्याकाळी हेल्मीचा रंग बराचसा उतरला होता. छातीतली धडधड थांबली होती आणि तिने कोरडा पाव मागितला. दोन्ही चुलत बहिणी रात्री तिच्यापाशी थांबणार होत्या. रेइनो आणि जॉइस निघाले तेव्हा ती खिडकीशी बसली होती. तिने हात वर केला, जॉइसनेही केला.

गाडी तळ्याला वळसा घालून जाणाऱ्या रस्त्याला लागली. बर्चची पानं पिवळी झाली होती आणि उन्हाची तिरीप पाण्यावरून थेट काचेवर येत होती. रेइनो घर बदलायच्या गोष्टी बोलत होता. पलंग ट्रकमध्ये मावेल का, भट्टीचं धुराडं आधी साफ करावं लागेल, गोठ्याच्या छपराचं काय. जॉइस मधूनमधून हं म्हणत होती. मग तिचं हं येईनासं झालं.

त्याने बघितलं. तिचं डोकं काचेला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं होतं, हात मांडीवर सुटे पडले होते. ती गाढ झोपली होती.

त्या बर्फावरच्या दिवसानंतर तो गाडी चालवत असताना जॉइसने कधी डोळे मिटले नव्हते. लांबच्या प्रवासातही ती ताठ बसून रस्ता बघत राहायची, त्याच्या हातांकडे बघत राहायची.

गावाचं वळण आलं तेव्हा रेइनोने गाडी वळवली नाही. तळ्याला आणखी एक फेरी होईल अशा बेताने तो सरळ, अगदी सावकाश चालवत राहिला.